राज्याचा कायदा, आपला धर्म आणि घटनेचा धुरा

मागच्या पोळ्याच्या सुमारास रामटेककडच्या एका गावी जाण्याचा योग आला. गावच्या देवस्थानाला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून हिशेबाबद्दल नोटीस आली होती. तिचा अर्थ समजावून सांगावा म्हणून मंडळींनी मला बोलावले होते. देवळाच्या ओट्यावर बसून नोटीस वाचली, अर्थ सांगितला. पाच मिनिटांचे काम. पण तेवढ्यात एका वयस्कर कास्तकाराने विचारले, "वकीलसाहेब, एक पुसू का? देव आमचा, देऊळ आमच्या आजानं बांधलं, पेटीतला पैसा आमचा. यात सरकारचं काय काम? धर्माचं स्वातंत्र्य हाय म्हणतेत ना घटनेत? मंग राज्याचा कायदा मोठा का घटना मोठी?"

शेजारी शाळेचे गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "घटना मोठी. हे तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे." त्यावर म्हातारबाबा म्हणाले, "मोठी हाय, तं मंग नोटीस कशी आली?"

गुरुजींचे उत्तर बरोबर होते, पण बाबाजींचा प्रश्न त्याहून खोल होता. घटना मोठी असूनही राज्याचे कायदे आपल्या देवळापर्यंत, मशिदीपर्यंत, विहारापर्यंत येतात, आणि ते बहुतेक वेळा टिकतात. काही मात्र न्यायालयात रद्द होतात. कोणता टिकतो आणि कोणता पडतो, हे आज आपण पाहू.

पहिली गोष्ट अशी, की धर्माशी संबंध येणाऱ्या पुष्कळ गोष्टींवर कायदा करण्याचा अधिकार घटनेनेच राज्यांना दिला आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत. एक संघाची म्हणजे दिल्लीची, दुसरी राज्यांची आणि तिसरी दोघांची मिळून. देशातल्या तीर्थयात्रा, स्मशाने व दफनभूमी, सार्वजनिक सुव्यवस्था या बाबी राज्यांच्या यादीत येतात. देवस्थाने, धर्मादाय संस्था, विवाह, वारसा या बाबी सामायिक यादीत येतात. तेव्हा पंढरीच्या वारीची व्यवस्था असो, नाहीतर देवस्थानाच्या जमिनीचा हिशेब असो, त्यावर कायदा करणे हे आपल्या विधिमंडळाचे कामच आहे.

पण अधिकार दिला म्हणून तो मोकाट सोडलेला नाही. आपल्या विदर्भात दोन वावरांच्या मध्ये धुरा असतो. वावर आपले असले तरी नांगर धुऱ्यापर्यंतच न्यायचा. मूलभूत हक्क हा राज्याच्या कायद्याचा धुरा आहे. घटनेचा १३ वा अनुच्छेद म्हणतो, की राज्यसंस्थेने मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा करू नये. केलाच तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल ठरेल. आणि राज्यसंस्था म्हणजे कोण? त्याच्या आधीच्या, १२ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. संसद आली, केंद्र सरकार आले, प्रत्येक राज्याचे सरकार आणि विधिमंडळ आले आणि स्थानिक संस्थाही आल्या. म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि आपली ग्रामपंचायतसुद्धा या धुऱ्याच्या आतच आहे.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? विशेष आहे. अमेरिकेचे उदाहरण पाहा. तिथल्या घटनेत धर्मस्वातंत्र्याची दुरुस्ती १७९१ साली आली. पण तिची भाषा अशी होती, की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, धर्मस्वातंत्र्यावर बंदी घालणारा कायदा करू नये. राज्यांचे नाव त्यात नव्हते. पुढे न्यू ऑर्लिन्स शहरात एका कॅथलिक धर्मगुरूला दंड झाला, कारण शहराच्या नियमाने ठरवून दिलेले प्रार्थनागृह सोडून त्याने दुसऱ्या चर्चमध्ये अंत्यविधी केला होता. तो वरच्या न्यायालयापर्यंत गेला. १८४५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्यांतल्या नागरिकांच्या धर्मस्वातंत्र्याचे रक्षण संघाची घटना करीत नाही. ते ज्या त्या राज्याने पाहावे. यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली, आणि तिच्या आधारे धर्मपालनाचे स्वातंत्र्य राज्यांच्या कायद्यांनाही बांधते असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले ते १९४० साली, कनेक्टिकट राज्यात घरोघर धर्मप्रचार करणाऱ्या एका बापाच्या आणि त्याच्या दोन मुलांच्या खटल्यात. जवळजवळ दीडशे वर्षे गेली. आपल्या घटनाकारांनी तो इतिहास डोळ्यांपुढे ठेवला असो वा नसो, त्यांनी ही शंका पहिल्याच दिवशी मिटवली. २६ जानेवारी १९५० पासून दिल्ली आणि राज्ये दोघांनाही एकच धुरा.

आता धर्माचा हक्क नेमका काय, ते पाहू. २५ वा अनुच्छेद प्रत्येक माणसाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतो. २६ वा अनुच्छेद संप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींचा कारभार पाहण्याचा हक्क देतो. पण २५ व्या अनुच्छेदाची सुरुवातच अटींनी होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांना धरून हे स्वातंत्र्य आहे. शिवाय, धर्माला चिकटलेल्या आर्थिक व्यवहारांवर आणि इतर ऐहिक कामांवर राज्य नियंत्रण ठेवू शकते. समाजसुधारणेसाठी कायदा करू शकते. हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व वर्गांना खुली करू शकते.

म्हणजे धुरा आहे, आणि धुऱ्यात वाटही ठेवली आहे. त्या वाटेने किती आत यायचे, यावरच सगळे खटले झाले.

बाबाजींच्या प्रश्नाचे उत्तर १९५४ सालच्या एका खटल्यात मिळते. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. तोच कायदा पुढे विदर्भाला लागू झाला, आणि आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. देवस्थानाची नोंदणी करा, हिशेब ठेवा, ते तपासून घ्या, असे हा कायदा सांगतो. तेव्हाच्या मुंबई राज्यातील एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी त्याला आव्हान दिले. सरकार आमच्या धर्मात हात घालते, अशी त्यांची तक्रार होती.

सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे कलम न् कलम तपासले आणि निवाडा दोन्हीकडे केला. नोंदणी ठीक, हिशेब ठीक, तपासणीही ठीक. कारण पैसा आणि जमीन सांभाळणे ही ऐहिक गोष्ट आहे, आणि चोख हिशेबाने देवाचे काही बिघडत नाही. खात्याचा खर्च भागवण्यासाठी घेतलेली वर्गणीसुद्धा न्यायालयाने योग्य ठरवली. पण दोन ठिकाणी न्यायालय अडले. एका तरतुदीप्रमाणे धार्मिक संस्थेवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवता येत होते. न्यायालय म्हणाले, हे चालणार नाही. सरकारी अधिकारी मठाचा किंवा देवळाचा कारभारी झाला तर संप्रदायाचा हक्क उरलाच कुठे? दुसरे असे, की ज्या धार्मिक कामासाठी लोकांनी पैसा दिला ते काम चालू असताना तो पैसा भलतीकडे वळवण्याची मुभा कायद्याने दिली होती. तेही रद्द झाले. देवाच्या नंदादीपासाठी दिलेले तेल देवापुढेच जळले पाहिजे.

ही रेघ नीट लक्षात ठेवा. राज्य वही तपासू शकते. गाभाऱ्यात पुजारी म्हणून बसू शकत नाही.

दुसरा प्रश्न देवळाच्या दाराचा. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, हे गुरुजनांना सांगायला नको. त्याच साली आपल्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने आणि मुंबईच्या विधिमंडळानेही मंदिरप्रवेशाचे कायदे केले. पुढे मुंबई राज्याने १९५६ साली अधिक व्यापक कायदा केला. देऊळ हिंदूंच्या एका गटाला खुले असेल, तर दुसऱ्या कोणत्याही हिंदू वर्गाला त्याच्या जातीमुळे वा पंथामुळे अडवता येणार नाही, असा त्याचा आशय.

इथे धर्मस्वातंत्र्याचा हक्क उलट बाजूने पुढे आला. अहमदाबादच्या स्वामिनारायण पंथाच्या काही अनुयायांनी १९४८ सालीच दावा लावला होता, की आमचा पंथ वेगळा, आमच्या देवळाला हा कायदा लागू नाही. दावा अठरा वर्षे चालला. १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाने तो फेटाळला. त्याआधी १९५७ साली दक्षिणेतल्या मुल्कीच्या वेंकटरमण देवळाच्या खटल्यात तत्त्व ठरून गेले होते. ते देऊळ गौड सारस्वत ब्राह्मणांचे. न्यायालय म्हणाले, काही खास विधी तुम्ही तुमच्यापुरते ठेवा. पण एरवी दार सर्व हिंदूंना उघडे हवे. संप्रदायाचा हक्क खरा, पण देवळे खुली करण्याचा राज्याचा अधिकार त्याच्याही वर.

आणि या जुन्या कायद्याची गंमत पाहा. १९५६ साली तो अस्पृश्यतेच्या संदर्भात झाला. साठ वर्षांनी, २०१६ साली, शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला. तेव्हा न्यायालयाने हाच कायदा पुढे केला आणि त्याची अंमलबजावणी करा असे राज्य सरकारला बजावले. त्याच वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा स्त्रियांना खुला झाला. आणि ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातली स्त्रियांवरची बंदीही घटनेच्या विरुद्ध ठरवली. आजोबांनी लावलेल्या आंब्याची सावली नातीला मिळाली, असे म्हणायला हरकत नाही.

पण श्रोते हो, प्रत्येक वेळी सुधारणेचा कायदा टिकलाच असे नाही. एक निकाल तुम्हाला विचारात पाडणारा आहे.

मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला. कोणत्याही जमातीने आपल्या माणसाला वाळीत टाकू नये, हा हेतू. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, लेकरांना कोणी अंगणात घेत नाही. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी या कायद्याला आव्हान दिले. शिस्त मोडणाऱ्याला समाजाबाहेर काढणे हा आमच्या धर्मव्यवस्थेचा भाग आहे, आणि तो अधिकार गेला तर पंथाची एकी कशी राहील, असे त्यांचे म्हणणे होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द केला. जो एक न्यायाधीश वेगळा पडला, तो खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. त्यांचे मत असे, की बहिष्कृत माणसाची दशा अस्पृश्यासारखी होते, आणि त्याची प्रतिष्ठा राखणारा कायदा घटनेला धरूनच आहे.

म्हणजे इथे दोन हक्कांची गाठ पडली. एका बाजूला पंथाचा हक्क, दुसऱ्या बाजूला पंथातल्या एकट्या माणसाचा हक्क. त्या दिवशी पंथाचा हक्क जिंकला. पण गोष्ट तिथे संपली नाही. जातपंचायतींच्या जुलमाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९६२ चा तो निकाल पुन्हा तपासला पाहिजे असे म्हणून प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. माझे स्वतःचे मत विचाराल तर ते सिन्हांच्या बाजूचे आहे. धर्माचे स्वातंत्र्य २५ व्या अनुच्छेदाने आधी माणसाला दिले आहे. ज्याला स्मशानातही जागा मिळू नये, त्याने ते स्वातंत्र्य भोगायचे कुठे? पण पंथाची शिस्त राज्याने ठरवू नये, ही दुसऱ्या बाजूची भीतीही खोटी नाही, हे मी मान्य करतो. आज आपल्याला नकोशी असलेली प्रथा सरकारने बंद केली तर आपण टाळ्या वाजवू. उद्या दुसरे सरकार आपली आवडती प्रथा बंद करू पाहील.

आता आपल्या नागपूरकडे वळू. १९५६ साल या शहराने जसे पाहिले तसे क्वचितच एखाद्या शहराने पाहिले असेल. तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी त्या सरकारने १९५४ साली एक समिती नेमली होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. १९५६ साली समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. गैरमार्गाने होणारी धर्मांतरे कायद्याने रोखावीत, अशी त्यात शिफारस होती. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात आले.

एकाच शहरात, एकाच वर्षी, धर्मांतराच्या दोन बाजू. एकीकडे शंका, की दुबळ्या माणसाचा धर्म कोणी आमिषाने किंवा धाकाने बदलत तर नाही ना. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या दुबळा ठरवलेला माणूस स्वतःच्या बुद्धीने, राजरोस, सर्वांदेखत उभा राहून सांगतो, की आजपासून माझा धर्म हा. घटनेला या दोन्ही माणसांचे रक्षण करायचे आहे. राज्याचा कायदा पहिल्याला वाचवताना दुसऱ्याची वाट अडवीत तर नाही, हीच त्या कायद्याची कसोटी.

नागपूर नव्या राज्यात गेल्यावर, १९६८ साली, मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरवले. ओडिशाने तसाच कायदा एक वर्ष आधी केला होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरवले. प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालय म्हणाले. प्रत्येकाची विवेकबुद्धी मोकळी असली पाहिजे, हे त्यामागचे कारण.

पण तेच कारण राज्यालाही बांधते. हिमाचल प्रदेशाने २००६ साली असा कायदा केला, आणि त्यात एक अट घातली, की धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे. २०१२ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. माणसाच्या मनात काय श्रद्धा आहे हे त्याने सरकारला आधी सांगावे कशासाठी? ते कळले की त्याच्या घरावर लोक चालून येण्याची भीती अधिक, असा न्यायालयाचा विचार होता. कायदा उरला, ती अट गेली. अर्थात अशी भांडणे एका निकालाने मिटत नाहीत. त्याच राज्याने २०१९ साली नवा कायदा करून पूर्वसूचनेची अट पुन्हा आणली. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२५ च्या फेब्रुवारीत अशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. तेव्हा असा कायदा कुठेही झाला, की त्याचे नाव काय आहे हे पाहू नका. त्यातली अट न् अट वाचा आणि विचारा: ही अट दडपण आणणाऱ्याला रोखते, की आपल्या मनाने ठरवणाऱ्याला?

शिक्षक मित्रांनो, आता दोन शब्द खास तुमच्यासाठी. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. हे २८ व्या अनुच्छेदात आहे. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क कमी करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. आणि २०१३ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकच्या एका शिक्षकांचे प्रकरण आले. शाळेच्या प्रार्थनेला ते उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वेतनवाढ अडली होती. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. वर्गात पन्नास मुले हात जोडून उभी असतात. त्यांतले एक नुसतेच शांत उभे राहिले, तर त्याला छडी दाखवण्याआधी हा निकाल आठवावा.

आणि सरपंच मंडळींसाठीही एक गोष्ट. समजा, ग्रामपंचायतीने ठराव केला, की घरपट्टीबरोबर जत्रेची वर्गणी भरल्याशिवाय कोणाला दाखला मिळणार नाही. हेतू चांगला असेल, जत्रा सगळ्या गावाची असेल. पण २७ वा अनुच्छेद सांगतो, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचा पैसा खर्च व्हायचा आहे असा कर कोणावरही लादता येणार नाही. वर्गणी खुशीने मागा, घरोघर जाऊन मागा, कोणी हसून देईल, कोणी देणार नाही. दाखला मात्र अडवू नका. विधिमंडळाला जे करता येत नाही, ते पंचायतीलाही करता येत नाही.

कोणाचा हक्क डावलला गेलाच, तर काय करायचे? उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे. २२६ व्या अनुच्छेदाप्रमाणे तिथे अर्ज करता येतो. ३२ व्या अनुच्छेदाप्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयातही जाता येते. बाबासाहेबांनी त्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि इतर दुर्बल घटक यांना कायद्याने मोफत मदत मिळते.

तर सारांश काय? राज्याचा कायदा धर्माच्या व्यवहाराला हात लावू शकतो. श्रद्धेच्या गाभ्याला लावू शकत नाही. बंद दार उघडू शकतो, आणि पंथाच्या नावाखाली चिरडल्या जाणाऱ्या माणसाला आधार देऊ शकतो, जरी १९६२ च्या निकालामुळे त्याची मर्यादा अजून पुरती ठरायची आहे. पण कोणी काय मानावे, कोणापुढे हात जोडावे, हे ठरवू लागला की तो धुरा ओलांडतो.

त्या दिवशी ओट्यावर हे सारे मी थोडक्यात सांगितले. बाबाजी शांतपणे ऐकत होते. मग नोटिशीचा कागद घडी करून विश्वस्तांच्या हातात देत म्हणाले, "म्हंजे हिशेब तं द्याच लागन."

मी म्हटले, "द्यावाच लागेल, बाबाजी. पण उद्या कोणी साहेब येऊन म्हणाला, की पूजा कशी करायची ते मी सांगतो, तर मला निरोप धाडा."

"नाई," ते हसून म्हणाले, "त्याले आमीच सांगू."